चारने सुरू होणारा नकार

ती. आत्यास,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करायची असते, म्हणून करते. उत्तर मात्र मला आधीच ठाऊक आहे. तुझा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही. मागच्या महिन्यात तू काच घासायच्या मशीनचा पट्टा बदललास. मांजर व्यायली आणि पिल्लं फ्रेमांच्या खोक्यात आहेत. हे सगळं फ्रेमवाल्याकडून कळतं. (तो तुझ्याकडे चष्म्याच्या फ्रेमा टाकून आमच्याकडे येतो आणि आमच्याकडून परत तुझ्याकडे. त्याच्या बॅगेत फ्रेमा कमी, बातम्या जास्त, आणि बातम्यांवर तो कमिशनही घेत नाही.) तेव्हा आमच्याकडचं क्षेमही तुझ्यापर्यंत पोचलेलं असणार: आई बरी, मी बरी, बाबांचा डावा डोळा बरा, उजवा नाही.

उजव्याबद्दल मी नीट सांगते, कारण फ्रेमवाला नीट सांगत नाही. मोतीबिंदू आहे आणि तो चांगला पिकला आहे. बाबा हल्ली सकाळी दुकानाचं कुलूप चाचपून उघडतात. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखतात आणि ते दिसायच्या आत "या, या, बसा" म्हणतात. (परवा असं त्यांनी समोरच्या दुकानातल्या रेडिओला म्हटलं.) डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जितका उशीर कराल तितका तो कडक होईल आणि काढायला अवघड जाईल, तारीख घ्या. ज्या माणसाने उभ्या जन्मात सगळ्या गावाला "डोळ्यांची हयगय करू नका" म्हणून बजावलं, त्याने त्यांना विचारलं, ऑपरेशननंतरचा चष्मा कोण करणार? बाई म्हणाल्या, तो काय, कुठेही करून मिळेल. बाबा खुर्चीतून उठलेच. घरी आल्यावर आई म्हणाली, एवढं आहे तर स्वतः करा. बाबा म्हणाले, "स्वतःच्या डोळ्याची काच स्वतः घासायची? न्हाव्याला स्वतःचं डोकं भादरता येतं का?" यावर आईने विषय बदलला, कारण न्हावी हा शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही.

थोडक्यात असं: तो चष्मा त्यांना तुझ्या हातचा हवा आहे. तुला विचारल्याशिवाय ते ऑपरेशन करून घेणार नाहीत. आणि तुला विचारायचं कसं, हे त्यांना कळत नाही. या पत्रात पुढे जे काही आहे ते या तीन वाक्यांमुळे घडलं.

न्हाव्याचं प्रकरण तुला पाठ आहे, पण तुला तुझ्या बाजूने पाठ आहे, म्हणून एकदा मधल्या बाजूने सांगते. गिऱ्हाइकाचे नंबर बाबांनी चिठ्ठीवर लिहिले, तू चिठ्ठीप्रमाणे काचा घासल्यास, उजव्याची डावीकडे आणि डाव्याची उजवीकडे बसली, आणि तो चष्मा लावून त्या न्हाव्याने एका सद्गृहस्थांची अर्धी मिशी उडवली. बाबा म्हणाले, मी गिऱ्हाइकाचा उजवा तो उजवा लिहिला. तू म्हणालीस, तू समोर बसून तुझा उजवा लिहिलास. मी तेव्हा शाळेत होते. जेवायच्या टेबलाशी तुम्ही दोघं समोरासमोर बसून आपापला उजवा हात वर करून दाखवत होतात, आणि ते दोन हात दोन वेगळ्या भिंतींकडे होते, हे मला तेव्हाही दिसत होतं. (मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. अजूनही तोच नियम पाळते.) मग तू दुसऱ्या गावात तुझं दुकान थाटलंस. बाबा तिकडे एकदा गेले होते. दार लोटलेलं होतं, आत मशीन चालू होतं, आणि तू आतूनच म्हणालीस, "आत्ता नाही. नंतर ये." बाबा उलट पावली घरी आले आणि आईला म्हणाले, "ताईने नाही म्हटलं." त्या दिवसापासून आमच्या घरात एक वचन चालत आलं आहे: आपण कुणाच्या दारात दोनदा जात नाही.

आता मेल सर्व्हरकडे, म्हणजे ईमेल नेणाऱ्या-आणणाऱ्या मशीनकडे वळते. फ्रेमवाल्याने तुझ्या काचांचं एक पाकीट बाबांना दाखवलं आणि म्हणाला, "ताईंचा ईमेल बघा साहेब. ॲटच्या अलीकडेही त्या आणि पलीकडेही त्याच. स्वतःच्या मशीनवर चालतो म्हणे." बाबांनी पाकीट डाव्या डोळ्याजवळ धरलं. आमचा पत्ता तुला माहीत असेल; त्यात ॲटच्या पलीकडे एका मोठ्या कंपनीचं नाव आहे, आणि अलीकडे दुकानाच्या नावापुढे एक आकडा आहे, कारण आपल्या दुकानाचं नाव आपल्या आधी दुसऱ्याच कुणी घेऊन ठेवलं होतं. बाबांनी पाकीट काउंटरवर पालथं ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे ताई घरमालकीण आणि आपण भाडेकरू." संध्याकाळी मला हुकूम झाला: आपलाही स्वतःचा बसव. ताईला लिहायचं तर बरोबरीच्या पत्त्यावरून लिहायचं.

इथे एक खुलासा. मी कंपनीत तापमापक तपासते. एक तापमापक जे सांगतो ते खरं आहे का, हे त्याच्यापेक्षा खऱ्या तापमापकाला विचारायचं, आणि फरक लिहून ठेवायचा, एवढं माझं काम. मेल सर्व्हरशी त्याचा संबंध शिवणाचा सुतारकामाशी असतो तितकाच आहे. पण घरच्यांच्या लेखी ज्याला पडदा आणि कळफलक आहे ते सगळं एकच, आणि ते मला येतं. (आईने मला मिक्सरही दुरुस्तीला दिला होता, कारण त्याला दिवा आहे.) मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण बाबांनी हुकूम सोडला तेव्हा ते माझ्याकडे पाहत नव्हते. मी जिथे उभी आहे असं त्यांना वाटत होतं, तिथे पाहत होते.

दुकानातला जुना कम्प्युटर घेतला, त्यावर लिनक्स टाकलं, आणि तो तुझ्या टेबलाखाली ठेवला. (तुझं घासायचं टेबल अजून आहे. त्यावर बाबा काही ठेवत नाहीत आणि दुसऱ्याला ठेवू देत नाहीत. मी कीबोर्ड ठेवला तर त्याखाली त्यांनी आधी फडकं अंथरलं.) पत्रं नेण्याआणण्याचं काम करणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो कसा वागेल हे एका साध्या फाइलमध्ये ओळीओळीने लिहायचं असतं: अमुक बरोबर तमुक. बाबांची अट अशी: "माझ्या संमतीशिवाय मशीनने काही करता कामा नये, तेव्हा प्रत्येक ओळ मोठ्याने वाच." दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात मी वाचायचे आणि बाबा डोळे मिटून, नवरीकडच्या अटी ऐकल्यासारखे ऐकायचे. एका ओळीत विचारलं होतं, अनोळखी लोकांची अनोळखी लोकांना लिहिलेली पत्रं आपण पुढे पोचवायची का? बाबा म्हणाले, "पोचवू की. एवढी माणुसकी नको?" मी सांगितलं, बाबा, तसं केलं तर तासाभरात जगातले सगळे भामटे आपल्या दारातून पत्रं पाठवतील आणि नाव आपलं खराब होईल. ते नाखुशीने कबूल झाले, पण "शेजारच्या शिंप्याचं तरी?" असं दोनदा विचारून. दुसऱ्या एका ओळीत होतं की सर्वांत मोठं पत्र किती मोठं घ्यायचं. ते बाबांनी बरंच कमी करायला लावलं. पाल्हाळ त्यांना सोसत नाही. (हे पत्र त्यांनी वाचलेलं नाही.)

मग पोस्टमास्तरची ओळ आली. नियम असा आहे की जगातल्या प्रत्येक मेल सर्व्हरवर पोस्टमास्तर नावाचा एक पत्ता असलाच पाहिजे. बाकी कुणी उत्तर देवो न देवो, काही बिघडलं तर त्या एका दारावर थाप मारता आली पाहिजे. मी हे वाचलं आणि थोडा वेळ पुढची ओळ वाचली नाही. मला भारावून जायची सवय नाही, तू जाणतेस. पण विचार कर: एकमेकांना कधी न भेटलेल्या लोकांनी, कुणी सक्ती केलेली नसताना, सगळ्या जगात हे ठरवून टाकलं की तक्रारीसाठी एक दार उघडं राहील, आणि बहुतेकांच्या घरी ते खरोखर उघडं असतं. मी जिथे काम करते तिथे एका इमारतीतल्या दोन मजल्यांना हे जमलेलं नाही. बाबांनी विचारलं, आपल्याकडे तो कोण? म्हटलं, तुम्ही. ते खुर्चीत ताठ बसले. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला नंबर सांगतानाचा त्यांचा आवाजही जरा खालच्या पट्टीत गेला होता.

आणि मग ती ओळ आली जिच्यामुळे सगळं घडलं. पत्र पहिल्या फेरीत पोचलं नाही तर सर्व्हरने किती दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आधीपासून घातलेलं उत्तर होतं, पाच दिवस. बाबांनी डोळे उघडले. "पाच दिवस? पाच दिवस एखाद्याच्या दारात ताटकळत राहायचं? लोचटासारखं?" मी म्हटलं, बाबा, तशी रीत आहे. "त्यांची असेल. आपण कुणाच्या दारात दोनदा जात नाही. शून्य कर." मला वाटलं होतं की शून्य चालणार नाही, आणि मशीनच त्यांना नाही म्हणेल. कागदपत्रं काढून पाहिली. शून्य चालतं. शून्य लिहिलं की सर्व्हर एकदाच जातो आणि नाही म्हटलं की विषय मिटवतो. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसून कुणीतरी हा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यात आमच्या बाबांचीही सोय करून ठेवली, याला काय म्हणायचं मला सुचत नाही. शून्य केलं.

यानंतर इंटरनेटवाल्या कंपनीशी बोलणं झालं, ते थोडक्यात सांगते. आपण नाव सांगितलं की समोरचा सर्व्हर आपल्या इंटरनेटच्या नंबरवरून उलट चौकशी करतो: हे जे नाव सांगतात, त्याच नावावर हा नंबर नोंदलेला आहे का? ती उलटी नोंद कंपनीलाच करावी लागते. फोनवरच्या बाईंनी विचारलं, मॅडम, तुमचं नेट चालू आहे ना? चालू आहे. मग तक्रार काय? तक्रार नाही, आमच्या नंबरला आमचं नाव द्यायचं आहे. त्या म्हणाल्या, तुमचं नाव आमच्याकडे आहे, बिलावर येतं की. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझ्याकडे दे." तिने फोन घेतला आणि काय बोलली कुणास ठाऊक, संध्याकाळी नोंद झाली होती. (मी विचारलं. ती म्हणाली, मला त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून तिलाही माझ्याशी वाद घालता येईना.)

आता तुला जे सांगायचं आहे ते. सगळं जुळल्यावर मी एकदा, प्रोग्रॅम बाजूला ठेवून, हाताने दुसऱ्या एका सर्व्हरशी बोलून पाहिलं. ते जमतं; एक सर्व्हर दुसऱ्याशी जे बोलतो तेच आपण टाइप करायचं. आधी समोरचा आपलं नाव सांगतो. मग आपण नमस्कार करून आपलं सांगायचं. तो म्हणतो, बरं. अमक्याकडून पत्र आहे. बरं. तमक्यासाठी आहे. तो आत पाहून येतो आणि म्हणतो, बरं, आहे इथे. मजकूर देऊ का? दे, आणि संपला की एका ओळीवर नुसतं एक टिंब दे, म्हणजे मला कळेल. आपण पत्र सांगायचं, टिंब द्यायचं. मग तो म्हणतो, घेतलं. या "घेतलं"चा अर्थ नियमांत लिहिला आहे: आता हे माझ्या जबाबदारीवर, पोचवीन, नाहीतर का पोचलं नाही ते तुला कळवीन. अनोळखी यंत्र अनोळखी यंत्राला असा शब्द देतं, आणि पाळतं. दिवसाला किती पत्रं जातात याचा हिशेब मला करता येणार नाही, आणि त्यांतलं प्रत्येक असं नमस्काराने सुरू होतं. कुणाला ते ऐकू जात नाही, तरी एकही सर्व्हर नमस्कार गाळत नाही. मी तुझ्या टेबलाशी बसून होते आणि माझे हात कीबोर्डवरून बाजूला ठेवलेले होते, देवळात ठेवतात तसे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांनी तुला मेल लिहिला. भिंग घेऊन, एकेक अक्षर शोधत, दुपारभर. मला दुकानाबाहेर घालवलं होतं. (मला तो सर्व्हरवर वाचता आला असता. ज्याला सगळं वाचता येतं त्याने वाचायचं नसतं, म्हणून वाचला नाही.) त्यांनी पाठवला, आणि डोळा मिटून उघडायच्या आत उत्तर आलं. बाबांचा चेहरा उजळला. "बघ! ताईने लगेच..." मी पाहिलं. ते तुझं उत्तर नव्हतं. ते आमच्याच सर्व्हरचं होतं: तुमचं पत्र पोचलं नाही, समोरच्याने घेतलं नाही, सोबत त्याचं म्हणणं जोडलं आहे.

समोरच्याचं म्हणणं मी वाचून दाखवलं. आत्या, तुझा सर्व्हर कोणी बसवला मला माहीत नाही. ज्याने बसवला त्याला शिस्त आहे, आणि माझा संशय तुझ्यावरच आहे. अशा नकारात सहसा इंग्रजीतलं एक ठरावीक वाक्य येतं. ते बदलता येतं, पण बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. तुझ्या सर्व्हरने आधी आकडा दिला, चारशे पन्नास, आणि पुढे, रोमन लिपीत पण स्वच्छ मराठीत: आत्ता नाही, नंतर या.

बाबांनी कपाटातल्या नव्या फ्रेमा काढून पुसायला घेतल्या. मग म्हणाले, "तेच. तेच म्हणाली होती." आणि थोड्या वेळाने, "बंद कर ते मशीन."

मी साधारणपणे कुणाला समजावत नाही. त्या दिवशी समजावलं. बाबा, हा नकार चारने सुरू होतो. नकार दोन प्रकारचे असतात. पाचने सुरू होतो तो खरा नकार: इथे या नावाचं कुणी नाही, किंवा आहे पण तुमचं घ्यायचं नाही, पुन्हा येऊ नका. चारने सुरू होतो तो नकार नसतोच. त्याचा अर्थ एवढाच, की आत्ता जमत नाही. काही सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्या खेपेस मुद्दाम चार देतात, कारण भामटा दुसऱ्यांदा येत नाही. त्याच्याकडे हजार दारं असतात, तो पुढच्या दारावर जातो. ज्याला खरंच याच घरात काही सांगायचं असतं तोच परत येतो. आणि बाबा, चार देतानाच तो सर्व्हर आपलं नाव आत लिहून ठेवतो, परत आले तर घ्यायचं म्हणून. तो आपल्याला घालवत नव्हता, आपली वाट बघत होता. परत न जाण्याची ओळ आपण लिहिली. शून्य आपण केलं.

बाबांच्या हातातलं फडकं एकाच काचेवर बराच वेळ फिरत होतं. आई दाराशी चहा घेऊन उभी होती. बाबा म्हणाले, "मग ताई मला जे म्हणाली ते..." आणि थांबले. आई म्हणाली, "इतकी वर्षं हेच सांगतेय मी. माझ्याकडे आकडा नव्हता एवढंच."

चहा पिऊन झाल्यावर बाबांनी मला बोलावलं आणि कुठल्या तरी तिसऱ्याच विषयावर बोलावं तशा आवाजात म्हणाले, ते शून्याचं काय ते बघ जरा, आपल्या पहिल्या पाच दिवसांत तसं काही वावगं नव्हतं. मी पाच केले. पत्र पुन्हा पाठवलं. तुझ्या सर्व्हरला आधीचा चेहरा आठवत होता. त्याने एका शब्दानेही हटकलं नाही. दोनशे पन्नास. घेतलं.

बाबांनी त्या दिवशी दुकान वेळेआधी बंद केलं, आणि कुलूप न चाचपता लावलं. (ते योगायोगाने लागलं असेल. मी फक्त नोंद करते.)

त्यानंतर तुझं उत्तर आलं नाही. बाबा दर थोड्या वेळाने विचारतात, "घेतलं म्हणाला ना?" म्हणाला. "मग?" मी त्यांना सांगितलं की घेतलं म्हणजे वाचलं असं नव्हे. सर्व्हर नवा असला की त्याचं पत्र घरात घेतात खरं, पण नको असलेल्या पत्रांच्या, जाहिरातींच्या ढिगात टाकतात, आणि त्या ढिगाकडे सभ्य माणसं पाहत नाहीत. तेव्हा या पत्राचं मुख्य कारण असं: कृपा करून तुझ्या मेलमधला तो ढीग उघड. लॉटरी आणि टक्कल यांच्या जाहिरातींच्या मधे कुठेतरी आमच्या दुकानाच्या नावाचा एक मेल असेल. तो "हा जंक नाही" असं सांगून बाहेर काढ. असं एकदा सांगितलं की तुझा सर्व्हर पुढच्या वेळी लक्षात ठेवील. आणि उत्तर हो असो की नाही, दे. डॉक्टरीणबाई तारखेसाठी थांबल्या आहेत.

मोठ्यांनी आशीर्वाद द्यावा आणि लहानांनी तो मागावा अशी पद्धत आहे. मी मागत नाही, तू देतेसच. पिल्लांपैकी एक राखाडी असेल तर माझ्यासाठी ठेव.

तुझी,
भाची

ता. क. – आमच्या सर्व्हरवर तुझ्याही नावाचा पत्रांचा एक डबा आहे. "ताईचा पण कर," एवढंच बाबा म्हणाले. पासवर्ड मला तोंड फिरवायला लावून त्यांनी स्वतः टाइप केला. मी म्हटलं, आत्याला कसा कळणार? म्हणाले, तिला ठाऊक आहे, लहानपणी आमच्या दोघांतच होता. डबा रिकामा आहे. मी रोज तपासते, आणि तो अगदी व्यवस्थित चालतो आहे.

ता. क. – ढिगाचं मी वर मुख्य कारण म्हणून लिहिलं ते खरं मुख्य कारण नाही. हे पाकीट तुला फ्रेमवाल्याने फ्रेमांबरोबर दिलं असेल, नेहमीसारखा साळसूद चेहरा करून. पाकिटावर तिकीट नाही, बघ. झालं असं, की परवा बाबा जेवता जेवता म्हणाले, "दुसऱ्यांदा गेला तो सर्व्हर. मी कुठे गेलो?" आणि बॅग भरायला घेतली. पायऱ्या त्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून फ्रेमवाला त्यांना बाहीला धरून घेऊन आला आहे. ते तुझ्या दाराबाहेर उभे आहेत. दार तू बहुधा लोटलेलं असशील.

ता. क. – हे पत्र मी मुद्दाम लांब लिहिलं. तू हातात घेतलेलं पत्र अर्धवट सोडत नाहीस हे मला माहीत आहे, आणि तू वाचत असेपर्यंत ते बाहेर थांबतात की नाही हे मला पाहायचं होतं. शून्याचे पाच केले असं म्हणणं वेगळं, आणि तपासलेलं असणं वेगळं. चाचणी घेतल्याशिवाय मी कुठलंही यंत्र बरोबर धरत नाही. आता बाहेर डोकावून बघ. उभे असतील तर चाचणी झाली. त्यांना आत घे आणि उजवा डोळा बघ. (त्यांचा उजवा. तुझ्या समोर बसतील तेव्हा तो तुझ्या डावीकडे येईल.)

ता. क. – आणि मशीन चालू असेल, काच अर्धी घासून झालेली असेल आणि खरंच हातातलं सोडवत नसेल, तर घाई करू नकोस. तुझं ते जुनं वाक्य म्हटलंस तरी चालेल. या खेपेस त्यांना त्याचा आकडा माहीत आहे.